पाठीच्या पट्टीवरचे बेत

थोरली आणि धाकटा यांच्यात विस्तव जात नाही, हे पुस्तकबांधणीच्या कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत कळत असे. दोघे सख्खे बहीण-भाऊ. एकाच लांबट खोलीत, एकमेकांपासून सात पावलांवर बसून गेली तीस वर्षे पुस्तके बांधणारे. थोरली शिवण करी. छापखान्यातून आलेल्या कागदांच्या घड्या क्रमाने लावायच्या आणि मेण ओढलेल्या दोऱ्याने त्या एकमेकींना शिवायच्या, हे तिचे काम. धाकटा पाठ करी. शिवलेला गठ्ठा शिकंजात आवळायचा, त्याच्या पाठीला खळ लावायची, खळीवर कागदाची पट्टी, पट्टीवर कापड, आणि मग पुठ्ठा. प्रत्येक पुस्तक असे अर्धे तिचे आणि अर्धे त्याचे असे; कुठे तिचे संपते आणि त्याचे सुरू होते, हे बाहेरच्याला सांगता आले नसते. चार वर्षांत ती दोघे एकमेकांशी एक अक्षरही बोलली नव्हती, आणि त्याच चार वर्षांत त्या खोलीतून काही हजार पुस्तके बांधून बाहेर पडली होती.

बोलणे नव्हते म्हणजे शांतता होती असे नाही. मधल्या टेबलावर धाकट्याची बायको पुठ्ठे कापत बसे आणि दोन्हीकडचा दारूगोळा तिच्या डोक्यावरून जाई.

"ताईला सांग, दोरा जाड घेतलाय. पाठ फुगते."

"त्याला सांग, दोरा तोच आहे. त्याची नजर जाड झाली असेल."

भावजय कुणालाच काही सांगत नसे. मान वर न करता ती एवढेच विचारी, "ऐकलं ना दोघांनी?" आणि पट्टी सरकवून पुढचा पुठ्ठा कापी.

भांडणाचे मूळ एका यंत्रात होते. वडील गेल्यावर धाकट्याने बहिणीला न विचारता डिंकाने पाने चिकटवणारे यंत्र आणले. त्याला शिवण लागत नसे. ज्या दिवशी ते खोलीत आले त्या दिवशी थोरलीने आपली सुई गादीत खोचली आणि ती गिऱ्हाइकांसमोर म्हणाली की याला पुस्तक म्हणत नाहीत, याला वह्यांचा गठ्ठा म्हणतात. तेही चालून गेले असते. पण त्या यंत्रावर बांधलेली पहिली दोनशे पुस्तके उन्हाळ्यात परत आली, आणि शाळेच्या शिपायाने पोते जमिनीवर ठेवताच सुटी पाने पत्त्यांसारखी खोलीभर पसरली. तेव्हा थोरली हसली. हसली म्हणजे ओठ दाबून नव्हे. खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. धाकट्याने सगळी पाने एकट्याने वेचली. यंत्र आजही कोपऱ्यात चादर पांघरून उभे होते, आणि ते हसू त्या चादरीखाली जपून ठेवल्यासारखे तिथेच होते.

थोरली चोपन्न वर्षांची होती. लग्न केले नव्हते, का केले नाही असे विचारणाऱ्याला ती उलट विचारी, "तुम्ही केलंत, त्याचं काय झालं?" नाकावर माशी बसू देत नसे. गिऱ्हाइके तिला वचकून असत, पण जुन्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल आपली दुर्मीळ पुस्तके तिच्याखेरीज कुणाच्या हाती देत नसे. त्यानेच एके दिवशी तिच्यापुढे एक छापील पत्रक ठेवले. समुद्रापलीकडे, जिथे स्पॅनिश बोलतात अशा एका शहरात, जुन्या ग्रंथांच्या डागडुजीची शाळा होती. दरवर्षी जगभरातून दहा कारागीर निवडायचे, वर्षभर ठेवून घ्यायचे, शिकवायचे. वयाची अट नव्हती. अटी दोनच होत्या. उमेदवाराने पहिल्या घडीपासून पुठ्ठ्यापर्यंत सर्वस्वी स्वतःच्या हाताने बांधलेले एक पुस्तक पाठवायचे, जे शाळा उकलून तपासणार. आणि मग फोनवरच्या मुलाखतीत, साध्या का होईना पण स्पॅनिशमध्ये, तिथे येऊन काय करणार आणि परतल्यावर काय करणार हे सांगायचे.

पत्रक तिने ग्रंथपालाला परत दिले, दुसऱ्या दिवशी जाऊन मागून आणले, आणि त्याच आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातले. कारखान्यात तिने कुणाला काही सांगितले नाही. सांगायचे तरी कुणाला?

वर्गाची सुरुवातच चकमकीने झाली. शिकवणारी बाई तिशीची, टोकदार, घड्याळाकडे पाहत बोलणारी होती. पहिल्या दिवशी तिने थोरलीला "आजी, तुम्ही पुढे बसा," असे म्हटले.

"मी कुणाची आजी नाही," थोरली म्हणाली, आणि सर्वांत मागे, जहाजावरून निवृत्त झालेल्या एका स्वयंपाक्याच्या शेजारी जाऊन बसली. सहा महिने ती तिथेच बसली, आणि बाईने सहा महिने तिला कशानेच हाक मारली नाही.

नावे, आकडे, घरातल्या वस्तू हे सगळे तिने दातओठ खाऊन पाठ केले. अडले ते पुढच्या दिवसांचे बोलणे आले तेव्हा. बाईने फळ्यावर तीन पायऱ्या काढल्या. खालची 'किएरो', म्हणजे मला हवे आहे. मधली 'पिएन्सो', म्हणजे माझ्या मनात आहे. वरची 'वोय आ', म्हणजे मी करणार आहे. नवशिक्याने एवढे धरून ठेवावे, पुढे काम कोणते ते जोडावे, आणि उद्यापासून म्हातारपणापर्यंतचे सगळे बेत सांगून मोकळे व्हावे. 'मान्याना वोय आ कोसेर': उद्या मी शिवणार आहे. प्रत्येकाने आपापले दहा बेत लिहायचे होते. हॉटेलात काम करणाऱ्या मुलीने पंधरा लिहिले. स्वयंपाक्याने बोट विकत घेणार, तिला हिरवा रंग देणार आणि बायकोला तीत बसू देणार नाही, असे लिहिले. थोरलीचे पान कोरे राहिले.

तिला शब्द येत नव्हते असे नाही. बेत सांगायची तिच्या जिभेला सवयच नव्हती. खळ वाळणे हवेवर असते, कागद ओलावा धरतो, म्हणून वडिलांनी कारखान्याला एक शिस्त घालून दिली होती: गिऱ्हाइकाला कधीही वार सांगायचा नाही. कधी होईल असे विचारले की उत्तर एकच, "झाल्यावर सांगू." ही शिस्त कारखान्यातून घरात शिरली. त्या घरात उद्या काय करणार असे कुणी कुणाला विचारत नसे, आणि कुणी आपण होऊन सांगू लागलेच तर बाकीचे त्याच्याकडे ओल्या पुठ्ठ्याकडे पाहावे तसे पाहत.

बाईने कोरे पान पाहिले. "खरं सुचत नसेल तर खोटं लिहा," ती म्हणाली. "इथे कोण पडताळून बघायला येणार आहे?"

मग थोरलीने लिहिले. आणि खालच्या दोन पायऱ्यांवर पाऊलही न ठेवता थेट वरच्या पायरीवरून लिहिले. मी शिकंजा विकणार आहे. मी कोपऱ्यातले यंत्र नदीत टाकणार आहे. माझा भाऊ एकटा राहणार आहे. तो पुस्तके शिवणार आहे आणि पाने गळणार आहेत. मी हसणार आहे. दहाच्या ऐवजी एकवीस झाले. बाईने लाल पेनाने दोन ठिकाणी अक्षरे सुधारली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले. त्यानंतर दर आठवड्याला थोरली असे पानभर लिही. त्या परक्या भाषेत तिला कुणी मधे टोकत नव्हते, कुणी उत्तर देत नव्हते. चार वर्षांचे तुंबलेले सगळे तिथे वाट काढून वाहत होते. भाषा मात्र त्यामुळे झपाट्याने आली. द्वेषाइतका मन लावून अभ्यास दुसरे काही करून घेत नाही.

सरावाची पाने ती कारखान्यात दुपारी, भाऊ जेवायला गेला की पुन्हा एकदा वाची आणि मग कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून फाडी. पण तीस वर्षे कागदात मुरलेला हात चिंध्या करत नाही. तो आधी कागदाचा धागा कोणत्या दिशेने जातो ते पाहतो आणि त्या दिशेने सरळ, एकसारख्या, दोन बोटे रुंद पट्ट्या काढतो. त्या पट्ट्या ती टाकी कारखान्यातल्या एकमेव कागदाच्या पेटीत. त्या पेटीतल्या पट्ट्या कशासाठी असतात हे तिला जन्मापासून ठाऊक होते. वडिलांचा दुसरा नियम तोच होता: एका बाजूने वापरलेला कागद फेकायचा नाही, लिहिलेली बाजू आत करून तो पुस्तकाच्या पाठीला लावायचा. ठाऊक होते, पण तिने लक्षात घेतले नाही. पाठ हे तिचे खाते नव्हते.

नमुन्याचे पुस्तक तिने तीन आठवडे शिवले. इतके देखणे शिवण तिच्याही हातून पूर्वी झाले नव्हते. शनिवारी घड्या बसाव्यात म्हणून तिने गठ्ठा शिकंजाच्या डाव्या बाजूला आवळला आणि ती वर्गाला गेली. पाठ ती स्वतः, रविवारी, खोली रिकामी असताना करणार होती. शिकंजाची डावी बाजू म्हणजे शिवण झाले, आता पाठ करा, असा त्या कारखान्याचा चाळीस वर्षांचा संकेत होता, हेही तिच्या डोक्यातून निसटले. पाठ करण्याचे तिच्या मनात यापूर्वी कधी आलेच नव्हते.

रविवारी सकाळी तिने कुलूप काढले तेव्हा पाठ झालेली होती. खळ वाळली होती, वर स्वच्छ पांढरे कापड ताणून बसले होते, पाठीला किंचित, हवी तेवढीच गोलाई होती. ती कितीतरी वेळ ते पुस्तक हातात धरून उभी राहिली. पट्टी सोडवावी तर शिवण दुखावणार. नव्याने शिवावे तर तीन आठवडे हवेत, आणि पार्सल सोमवारी जायचे. भावाला जाब विचारावा तर त्याच्याशी बोलावे लागणार, आणि तेवढे तिच्याच्याने होणार नव्हते. तिने पुठ्ठा चढवला. अर्जात 'सर्वस्वी स्वतःच्या हाताने' या ओळीखाली सही केली आणि पार्सल रवाना केले.

पुढच्या दीड महिन्यात कारखान्यातली हवा आणखी बिघडली. पासपोर्टचे पाकीट टपालाने कारखान्याच्याच पत्त्यावर आले. धाकट्याने ते वाचले, उलटून पाहिले, आणि तिच्या टेबलावर कागद दाबायच्या दगडाखाली ठेवले. त्या दिवशी त्याने कागद कापायचे यंत्र संध्याकाळपर्यंत चालवले. कापायला रद्दीशिवाय काही नव्हते.

मुलाखत एका बुधवारी दुपारी होती. घरी नेट धड चालत नसे, म्हणून तिने फोन दोऱ्याच्या रिळाला टेकवून शिवणाच्या टेबलावरच उभा केला. तिची आठ वाक्ये तयार होती, सगळी सभ्य: मी जुने ग्रंथ वाचवायला शिकणार आहे, मी परत येणार आहे, मी ग्रंथालयासाठी काम करणार आहे. पडद्यावर दोघे दिसले. एक दाढीवाले गृहस्थ आणि जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक वयस्क बाई. थोरलीच्या मागे, सात पावलांवर, धाकटा कागद कापायच्या यंत्राशी उभा होता. त्याने मुद्दाम यंत्र सुरू केले.

वाक्ये म्हणायची वेळच आली नाही. चष्मेवालीने एक पारदर्शक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरले. आत कागदाच्या पाच पट्ट्या होत्या, पाण्याने अलगद सोडवलेल्या, वाळवलेल्या. तिने त्या एकेक करून वाचायला सुरुवात केली. वोय आ वेन्देर ला प्रेन्सा. मी शिकंजा विकणार आहे. मी एर्मानो वा आ केदार्से सोलो. माझा भाऊ एकटा राहणार आहे. वोय आ रेईर्मे. मी हसणार आहे. शेजारी लाल पेनाची दुरुस्तीसुद्धा होती. दाढीवाले गृहस्थ हसले. थोरलीच्या कानांतून वाफा निघाल्या. त्या क्षणी तिची खात्री पटली की भावाने डाव साधला. पानांवर पाळत ठेवली, कुणाकडून तरी वाचून घेतली आणि वेचून वेचून तीच लावली. ती खुर्चीत वळली. धाकटा पडद्यावरच्या पाकिटाकडे डोळे ताणून पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर डाव साधल्याचे काही नव्हते. आपण लावलेली पट्टी कुणी सोडवू शकले, याचा निखळ धक्का होता. त्याला त्यातले अक्षरही वाचता येत नव्हते. पट्ट्या तिने फाडल्या होत्या. पेटीत तिनेच टाकल्या होत्या. त्याने फक्त रोजचे काम केले होते.

चष्मेवाली आता बोलत होती ते हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, समजेल असे. या वर्षी चाळीस पुस्तके आली. शिवण तुमचे चांगले आहे. तसे चांगले शिवण आणखी चार-पाच जणांचे आहे. पण अशी पाठ या चाळिसांत दुसरी नाही. पट्टी सोडवायला आम्हाला दोन दिवस लागले. हे तुम्ही कसे केलेत, ते सांगा.

बेत सराव म्हणून लिहिले होते, ते खरे नव्हेत, असे सांगून ती सुटली असती. कुणी दोष दिला नसता. खळीबद्दल, पट्टीबद्दल बोलण्यापुरते शब्द तिच्याजवळ होते. सात पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातले काही कळणार नव्हते. आणि नेमके तेच तिला सोसवेना. त्याच्या पाठीमागे त्याला शिव्या देणे वेगळे. त्याच्या देखत, त्याला न कळणाऱ्या भाषेत, त्याची पाठ चोरणे वेगळे. तो नालायक होता, आडमुठा होता, पण ती पाठ त्याची होती. थोरलीने आयुष्यात कुणाचे काही उचलले नव्हते. सुरुवात काय त्याच्यापासून करायची?

"नो एस मीओ," ती म्हणाली. ते माझे नाही. "एस दे मी एर्मानो." माझ्या भावाचे आहे.

पडद्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दाढीवाल्याने अर्जावरची सही दाखवली. तिने मान हलवली. हो, सही माझी. मग बराच वेळ त्यांचे आपसात चालले. शेवटी चष्मेवालीने सांगितले की नमुना बाद. दुसऱ्या पुस्तकाला सहा आठवडे; त्यात दुसरा हात लागला तर पुन्हा अर्ज करू नये. आणि मग, मुलाखतीचा नेहमीचाच प्रश्न, पण विचारला खरोखर उत्तर हवे असल्यासारखा: तर आता तुम्ही काय करणार आहात?

"वोय आ आप्रेन्देर," थोरली म्हणाली. मी शिकणार आहे.

फोन बंद झाला तेव्हा यंत्रही बंद होते. थोरली उठली, सात पावले चालून गेली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा भावाच्या समोर उभी राहून त्याच्याशी बोलली.

"मला पाठ करायला शिकायचं आहे. सहा आठवड्यांत."

"पट्टी सोडवली त्यांनी?" त्याने विचारले. "कशानं?"

"पाण्यानं. मी काय सांगते आहे ते ऐक. मी वर्षभरासाठी जाणार आहे. तू एकटा राहणार आहेस. तुला शिवण येत नाही."

"मी कुणाला काही शिकवायला बांधील नाही."

"नको शिकवूस. मी इथे उभी राहून बघणार आहे. आणि मी गेल्यावर गिऱ्हाइकं तुझ्या त्या डिंकाच्या यंत्राकडे बघणार आहेत. बघू दोघांत कुणाला जास्त जड जातं."

मधल्या टेबलावर भावजयीचा चाकू थांबला होता. त्या खोलीत इतके बेत एका दमात कुणी सांगितल्याचे तिने कधी ऐकले नव्हते. थोरली परत वळली, आपल्या जागेवर बसली, आणि मग भिंतीकडे पाहत, जुन्याच रिवाजाप्रमाणे म्हणाली, "त्याला सांग, चाळीस पुस्तकांत तशी पाठ दुसरी नव्हती म्हणे."

"ऐकलं ना?" भावजयीने विचारले. खळीच्या भांड्यात पाणी घालून धाकटा खळ उगाच ढवळत राहिला.

पुढचे सहा आठवडे भावजयीच्या सांगण्याप्रमाणे आधीच्या चार वर्षांपेक्षा वाईट होते, कारण आता दोघे थेट बोलत होते. सकाळी थोरली त्याच्या टेबलाशी उभी राही आणि संध्याकाळी धाकटा तिच्या टेबलाशी सुई घेऊन बसे. तिची खळ पातळ होती, हात गवंड्याचा होता, ब्रश झाडूसारखा धरला होता. त्याचा टाका ढिला होता, दोरा गुंतला होता, सुई धरायची ती बोटेच नव्हती. तिने त्याचे शिवण रोज उसवले. त्याने तिच्या अकरा पाठी शिकंजातून काढून तिच्यासमोर सोलल्या, आणि प्रत्येक वेळी पट्टी सोलायला किती क्षण लागले ते मोठ्याने मोजले. बारावी सोलता सोलेना, तेव्हा त्याने ती गुपचूप बाजूला ठेवली आणि खळीत गाठी आहेत असे सांगितले.

पुस्तक मुदतीत गेले. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. पट्टीसाठी तिने कोरा कागद वापरला.

उत्तर आले ते कारखान्याच्या पत्त्यावर. थोरलीने पाकीट आपल्या टेबलावर उघडले आणि मजकूर मराठी करून भावजयीला मोठ्याने वाचून दाखवला. जागा मिळाली होती. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचे होते. खाली परीक्षकांचे शेरे होते. शिवण: उत्कृष्ट. घड्या: उत्कृष्ट. पाठ:

इथे ती थांबली.

"पाठ काय?" धाकट्याने विचारले.

"समाधानकारक."

तो हसला. शिकंजाची मूठ धरून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. थोरलीने त्याला हसू दिले. ते हसू म्हणजे चार वर्षांची थकबाकी होती आणि ते कुठून आले होते हे तिला पक्के ठाऊक होते. त्याने डोळे पुसले, आणि कोपऱ्यातल्या यंत्रावरची घसरलेली चादर नीट केली.

"हसून झालं असेल तर इकडे ये," ती म्हणाली. "तू तिसरी घडी उलटी शिवली आहेस. सप्टेंबरात मी जाणार आहे."

"सप्टेंबर फार लांब आहे," धाकटा कुरकुरला, आणि सुई शोधू लागला.